गोड्या पाण्याचं वजन

सकाळी मासोझी गोदामाचं दार उघडते
तेव्हा दोरीवरचे ओले सूट
काल कोण कोण आत होतं ते आठवत असल्यासारखे
जरासे हलतात.

आधी टाक्या.
खांद्यावर ठोकलेली तारीख बघ, लिम्बानी,
रंगावर जाऊ नकोस. रंग मीच दिलाय,
बोटीचा उरलेला.
पट्टा भिजव, मगच आवळ.
कोरडा आवळलास तर पाण्यात सैल पडतो
आणि टाकी घसरत जाते
पाठीशी बांधलेल्या, झोपी गेलेल्या पोरासारखी.

झडपेच्या तोंडाशी काळं रबरी कडं,
करंगळीतही शिरणार नाही एवढं.
चिरलं असेल तर फेक.
कवडीमोलाचं कडं, आणि रडायला सगळं गाव.

(तिच्या नावाचा अर्थ अश्रू.
ती जन्मली त्या आठवड्यात आजोबांची होडी
रिकामी परत आली होती.
एवढंच सांगते, आणि नळ्या विसळायला घेते.)

आज हॉलंडचा श्योर्ड आलाय, सगळं नवं कोरं घेऊन.
मास्क निळा, फिन्सना जुळणारा.
मासोझी म्हणते, पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा,
नाकाने श्वास आत घ्या, हात सोडा.
मास्क खाली पडतो.
दुसराही पडतो.
तिसरा, फळीच्या टोकाचा, कडेला ओरखडे असलेला,
घोरपडीसारखा चिकटून बसतो.
श्योर्डचं तोंड पडतं, मास्क नाही.

मग जाकिटाला लटकलेला बाजार:
दोन विजेऱ्या, शिट्टी, पाटी, पेन्सिल,
कॅमेरा, कॅमेऱ्याची दोरी, दोरीची दोरी.
ती एकेक वस्तू बोटाने हलवते.
ह्याचं खाली काय काम?
तो सांगतो. ती ऐकून घेते, आणि काढून ठेवते.
चाकूपाशी मात्र थांबते.
हा राहू दे. माझ्या भावांची
नायलॉनची जाळी असतात खाली, तुटकी.
पण पायाला नको. छातीशी,
दोन्ही हातांना सापडेल असा.
पिवळी नळी उजवीकडून, हनुवटीखाली,
दुसऱ्याच्या तोंडासाठी असते ती,
मातीत लोळवायची नाही.

समुद्रात मला आठ किलो लागतात, तो म्हणतो.

हे तळं आहे.
मीठ माणसाला उचलून धरतं.
इथे उचलायला कोणी नाही.

दोन किलो तिथेच उतरवले.
मग धक्क्याजवळ त्याला उभं तरंगवलं:
जाकीट रिकामं, छातीत साधा श्वास,
पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं.
कपाळ बुडालं.
अजून एक तुकडा तिने काढला
आणि माझ्या हातात दिला.
एवढासा, आणि कोपरापर्यंत ओढणारा.
त्या क्षणी श्योर्ड पहिल्यांदा
काहीच न बोलता पाण्यात उभा राहिला.
त्याच्या पायांखालून निळे म्बुना मासे गेले,
त्यांना तो खडकच वाटला असावा.

मग माझी पाळी.
मासोझी हात पसरून माझ्यापुढे उभी.
दिवसभरात एवढाच वेळ ती गप्प असते.
जाकीट: हवा भरली, सोडली.
शिसं: दोन किलो, बकल एका हाताने सुटतं.
चाप, पट्टे, पिवळी नळी.
काटा दोनशेवर. पूर्ण.
झालं, म्हणणार होतो.
पण तिची नजर धक्क्याच्या फळ्यांवर होती,
अगदीच निवांत.

तिचं मुखपान तोंडात घेतलं
आणि काट्याकडे बघत श्वास ओढला.
काटा पडला.
सोडला तसा सावकाश चढला.
ओढला, पुन्हा पडला.

मागे हात घातला.
झडप जेमतेम पाव आटा उघडी.
उरलेली फिरवली, शेवटपर्यंत.
आता ओढला: काटा जागचा हलला नाही.

ती काही बोलली नाही.
मास्कमध्ये थुंकली, बोटाने काच पुसली,
आणि टाच पुढे करून
पाण्यात पाऊल टाकलं.